बाटल्यांतला वेल

आम्ही राहायचो त्या जागेला घर म्हणायची पद्धत नव्हती. बंगल्याचे मालक तिला आउटहाउस म्हणत, आई नुसतं 'खोली' म्हणे आणि आबा 'आपलं मागचं' म्हणत. लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा मुंबईच्या लोकांचे बंगले ओळीने होते आणि वर्षातले बहुतेक दिवस ते कुलपात असत. प्रत्येक बंगल्यामागे एक खोली आणि त्या खोलीत एक माळी. आमच्या दोन्ही बाजूंचे माळी एकटेच राहत, त्यांची बायकामुलं गावाकडे. म्हणजे त्या सबंध रस्त्यावर मूल म्हणावं अशी मी एकटीच होते. शाळेतून आले की फाटकापासून मागच्या खोलीपर्यंतच्या वाटेवर माझ्याच चपलांचा आवाज ऐकत यायचं. सुरूच्या झाडांतून वारा जायचा, आबांची कात्री मेंदीच्या कुंपणावर चालायची आणि मालगाडीला घाट चढवणारं मागचं इंजीन लांबून शिट्टी द्यायचं. एवढ्या आवाजांत माझं लहानपण गेलं. आई बंगला झाडायला जायची तेव्हा मी पांढऱ्या चादरी घातलेल्या खुर्च्यांशी बोलत बसे. मालकांची मुलं मे महिन्यात आली की दोन दिवस मला खेळायला बोलवत, तिसऱ्या दिवशी त्यांची मामेभावंडं येत आणि मग मला कोणी हाक मारत नसे. त्याचं वाईट वाटायचं. वाटायचं नाही असं म्हणण्याइतकी मी आजही मोठ्या मनाची नाही.

खाण्यापिण्याचं मात्र आमचं बरं होतं. कुरवंड्याला चुलत्यांकडे थोडी भातखाचरं होती, तिथून तांदूळ यायचा. आई नाचणीच्या भाकरी थापायची आणि पावसाळ्यात आबा ओढ्यातून खेकडे आणायचे. त्या कालवणाचा वास बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यापर्यंत जाई. मालकीणबाई आल्या असतील तर आई दार लावून घ्यायची. बाकी ओल कायमची. लोणावळ्यात चपला, पट्टे, लग्नातले फोटो, सगळ्यावर बुरशी चढते. आई लोणच्याच्या बरणीवरची पांढरी साय चमच्याने काढून टाकी आणि खालचं लोणचं वाढी. बुरशीशी आमचं काही वैर नव्हतं.

बारावी झाल्यावर मी घरीच होते. मुलीला कॉलेजात घालावं की तिचं लग्न करावं याचा आबा दोन वर्षं विचार करत होते. त्या सुमारास मालकांची थोरली बहीण कायमची राहायला आली. पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, उंच, किंचित वाकलेली बाई. तिला सगळे बाईच म्हणायला लागले. सामान काय आणलं, तर कपड्यांची एक पेटी आणि बाकी टेम्पोभर काचेच्या बाटल्या. जॅमच्या, लोणच्याच्या, औषधाच्या, सगळ्या धुतलेल्या. आई म्हणाली, म्हातारी भंगाराचा धंदा काढणार दिसतंय.

बाईंनी उत्तरेकडची पाहुण्यांची खोली रिकामी करवून घेतली. भिंतींना चुना, खिडक्यांना काच आणि फटींना मेण. लोणावळ्यातल्या एका सुताराकडून त्यांनी पुढून उघडी अशी लाकडी पेटी करून घेतली, पाठीमागे पंखा आणि मुंबईहून मागवलेली जाड गाळणी बसवली. त्या गाळणीतून हवा स्वच्छ होऊन सतत पुढे आपल्या अंगावर येते, त्यामुळे धूळ आत जात नाही. एका कपाटाच्या फळ्यांना ट्यूबलाइट लावल्या. झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा, बाटलीतल्या गोड खळीवर ठेवायचा आणि कपाटात उजेडाखाली वाढू द्यायचा. एका तुकड्याचे दहा कोंब, दहांचे शंभर. याला ऊतिसंवर्धन म्हणतात हे मला नंतर कळलं. आज केळीच्या रोपांमुळे 'टिश्यू कल्चर' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे, तेव्हा कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही तो नवा होता. जे हे काम करत त्यांच्याकडे परदेशी यंत्रं होती. बाईंचं म्हणणं असं, की हे काम स्वयंपाकघरातल्या सामानात झालं पाहिजे, नाहीतर आपल्या देशात ते चार इमारतींच्या बाहेर पडणार नाही. म्हणून महागड्या यंत्राऐवजी मोठा कुकर, शुद्ध शर्करेऐवजी वाण्याकडची साखर आणि खळ घट्ट करायला सागरी शेवाळाच्या पावडरीऐवजी साबुदाणा.

कुकरवरून आईचं आणि बाईंचं पहिल्या आठवड्यातच वाजलं. बंगल्याचा मोठा कुकर बाईंनी खोलीत नेला आणि आईला सांगितलं, की तो आता स्वयंपाकाला मिळणार नाही. साबुदाणा शिजताना पाहून आईला राहवेना. मीठ नाही, दाण्याचं कूट नाही, उलट वरून शहाळ्याचं पाणी घालतात आणि बाटल्यांत भरून ठेवतात, हे तिच्या समजुतीबाहेरचं होतं. मला बोलावलं ते बाटल्या धुवायला. महिनाभराने बाईंनी माझे हात धरून उलटसुलट पाहिले, समोर पेन्सिल धरायला लावली, ती हलते का पाहिलं आणि म्हणाल्या, उद्यापासून आंघोळ करून, केस बांधून, अनवाणी ये.

त्या पेटीसमोर बसायचे नियम कडक होते. हात कोपरापर्यंत स्पिरिटने पुसायचे, डावीकडे स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि पातं दर वेळी ज्योतीत लाल करायचं. आणि बोलायचं नाही. तोंडातून उडणारा एक थेंब सबंध बाटली नासवतो, म्हणून तोंडाला फडकं बांधून दोघी शेजारी शेजारी तासन्‌तास मुक्या बसायचो. पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची. मला त्या कामाची गोडी लागली हे खरं, पण ज्या मुलीने आयुष्यभर बोलायला कोणी मिळावं म्हणून वाट पाहिली तिला अखेर सोबत मिळाली ती अशी, हेही खरं. बाई वाईट नव्हत्या. त्यांना बोलायची सवय मोडली होती. संध्याकाळी व्हरांड्यात त्या चहा घेत आणि मी पायरीवर बसे. कधी एखादं वाक्य बोलत, कधी तेही नाही. आम्हा दोघींचं एकटेपण एकाच जातीचं होतं आणि तरी ते एकमेकींना देता येत नव्हतं.

आबा त्या खोलीत कधी आले नाहीत. बागेतून जाता-येता काचेतून पाहायचे, एवढंच. मी पहाटे आंघोळ करून अनवाणी आत जाते, नारळ आत जातो, दिवा लागतो, तोंडाला फडकं असतं, कोणी बोलत नाही, हे सगळं त्यांनी बाहेरून पाहिलं होतं.

कंदील मात्र आबांचा. नागफणीच्या सुळक्याच्या अलीकडे, कड्याला लागून एक अरुंद पट्टी होती, तिथे लहानपणी गुरं राखताना ते एका वेलाचे कंद उकरून खायचे. दुधाळ, काकडीसारखे लागणारे. त्याच्या फुलाला ते कंदील म्हणत. बोटाएवढी नळी, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या, बाहेरून राखाडी आणि आतून गडद जांभळी. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, अशी फुलं सह्याद्रीत बरीच आहेत, मला ठाऊक आहेत. आबा दुसऱ्या दिवशी कड्यावर उतरले आणि फुलासकट एक फांदी घेऊन आले. बाईंनी ती भिंगाखाली धरली. मग पुस्तकं काढली. दोन दिवस त्या व्हरांड्यात आल्या नाहीत. वाळवलेली फांदी त्यांनी ओळखीच्या तज्ज्ञाकडे पाठवली. त्याचं उत्तर आलं, की हे नवं असावं, पण एवढ्या तुकड्यावर सांगता येणार नाही, जिवंत झाड फुलावर असताना दाखवा. तोवर आम्ही आबांनी आणलेल्या दुसऱ्या फांदीचे तुकडे बाटल्यांत घातले होते.

पुढच्या वर्षी आबा कड्यावर गेले तर पट्टीच नव्हती. वरच्या अंगाला कोणाचे तरी प्लॉट पडले होते, रस्ता करायला डोंगर कापला होता आणि सगळे माती-दगड त्या पट्टीवरून खाली लोटले होते. आबा दोन-तीन ठिकाणी दोरी लावून उतरले. वेल कुठेच मिळाला नाही. घरी येऊन जेवले नाहीत, हातपाय धुऊन नुसते बसले. बाईंना कळलं तेव्हा त्या उठून कपाटाशी गेल्या आणि एकेक बाटली उजेडात धरून पाहत राहिल्या. त्या दिवसापासून कंदील जगात फक्त आमच्या कपाटात होता. बाटलीत तो सुखाने वाढत होता, कोंबांवर कोंब येत होते, पण मुळं धरत नव्हता. मुळं आल्याशिवाय मातीत लावता येत नाही, आणि मातीत लागून फुलल्याशिवाय तो कोण हे सांगता येत नाही. बाई खळीतली साखर कमी करून बघत, क्षार बदलत, अंधारात ठेवून बघत. भाद्रपद संपता संपता एका बाटलीत पांढरा केसासारखा एक धागा खाली उतरलेला मला दिसला. मूळ होतं. बाईंनी ती बाटली माझ्या हातून घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्याच दिवसांत त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आणि पुण्याला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. मी सोबतीला गेले. दवाखान्यातले ते दिवस मला लांबलचक वाटले. बाई पट्टी बांधून पडलेल्या आणि मी खिडकीशी. खोलीची किल्ली आबांकडे दिली होती. वीज गेली आणि आली, की पंखा आणि ट्यूबलाइट पुन्हा लागल्या का एवढं बघायचं, असं बाईंनी त्यांना सांगितलं होतं. आम्ही परत आलो तो दसऱ्याचा दिवस.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आबा दरवर्षी कोयता, खुरपी, पहार, झारी, मेंदीची कात्री सगळं घासूनपुसून अंगणात मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडू घालायचे. ज्याच्यावर पोट भरतं त्याला वर्षातून एक दिवस हात जोडायचे, यात त्यांना कधी शंका वाटली नाही. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की आपल्या पोरीचीही आता हत्यारं आहेत आणि पोरगी नेमकी घरी नाही.

आम्ही रिक्षातून उतरलो तर ते नवं धोतर नेसून फाटकात उभे होते. बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "बाई, औंदा आमच्या इमलच्या हत्यारांचीबी पूजा केली. पयलं तिकडं चला." खोलीच्या दारावर झेंडूचं तोरण होतं आणि त्यात भाताच्या नव्या लोंब्या खोवलेल्या. उंबऱ्यावर नारळ फोडलेला. लाकडी पेटीला हळदकुंकवाची बोटं, पात्यांना, चिमट्यांना, कुकरला कुंकू. कपाटाची दारं सताड उघडी. प्रत्येक फळीवर झेंडूची माळ सोडलेली, आणि प्रत्येक बाटलीच्या कापसाच्या बोळ्यावर एकेक फूल नीट मध्यभागी ठेवलेलं. नारळाचं पाणी सगळीकडे शिंपडलेलं. आबांनी एकही बाटली सांडली नव्हती, एकही जागची हलवली नव्हती. फार सुंदर दिसत होतं ते. मी आजवर बऱ्याच प्रयोगशाळा पाहिल्या, इतकी सजलेली एकही पाहिली नाही.

मी आबांकडे वळले तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा बारीक केलेला. त्या पुढे झाल्या, कपाटापाशी क्षणभर हात जोडले आणि आबांनी पुढे केलेला खोबऱ्याचा तुकडा घेऊन खाल्ला. "मनापासून केलंत, किसनराव," एवढंच म्हणाल्या. आबा खूश होऊन पुरणपोळीची वर्दी द्यायला आईकडे गेले. ते गेल्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने एकेक फूल उचलायला सुरुवात केली. आबांना एवढंही कळू नये का, असं काहीतरी मी रागाने बोलले. बाई म्हणाल्या, "कळणार कुठून? दोन वर्षांत मी त्यांना एकदा तरी आत बोलावलं का? काचेतून जेवढं दिसलं तेवढ्यावरून त्यांनी केलं."

झेंडूत बारीक कोळीकिडे असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि भाताच्या लोंब्यांतही असतात. ते कापसातून आत शिरतात आणि पायांना लागलेली बुरशी आत घेऊन जातात. हे मला तोपर्यंत फक्त ऐकून ठाऊक होतं. आठवड्याच्या आत दिसलंच. पहिल्या बाटलीत खळीवर ठिपक्यांची नागमोडी ओळ उमटली, एखादा जीव चालत गेला आणि प्रत्येक पावलाशी बुरशी उगवली अशी. मग दुसरीत, मग फळीच्या फळीत. पांढरी लोकर, तिच्यावर काळे दाणे. मुळाची बाटली आठव्या दिवशी गेली. आज माझ्याकडे यावर इलाज आहेत. कोंबाचं टोक द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतं, पाहिजे तेव्हा वितळवून पुन्हा वाढवता येतं. पानाच्या कणभर तुकड्यावरून झाडाची जात ओळखता येते, फुलाची वाट पाहावी लागत नाही. ही यंत्रं पहिल्यांदा हाताळली तेव्हा माझ्याबरोबरची मुलं हरखून गेली होती. मला मात्र आपण उशिरा पोचलो असं वाटत होतं.

बाईंना त्या डोळ्याने अजून दिसत नव्हतं आणि एका डोळ्याने बारीक काम होत नव्हतं, म्हणून शेवटची झुंज मला एकटीला द्यावी लागली. कोंबाच्या अगदी शेंड्याचा, टाचणीच्या टोकाहून लहान भाग बाईंच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली कापायचा. तिथवर बुरशी पोचलेली नसते. जास्त घेतला तर बुरशी बरोबर येते, कमी घेतला तर तो काळा पडून मरतो. मी दिवसचे दिवस कापत बसले. बाई पाठीमागे स्टुलावर. सांगायचं तर बोलता येत नव्हतं, आणि त्यांना दिसत नव्हतं म्हणून सांगण्यासारखंही काही नव्हतं. काही काळे पडले, काहींना लोकर आली. दिवाळीच्या आधी कपाट रिकामं झालं.

नासलेल्या बाटल्या कुकरमध्ये शिजवून खताच्या खड्ड्यात ओतायच्या असा नियम होता. मी ओतत होते तेव्हा आबा खुरपं घेऊन जवळ आले. बरेच दिवस ते बघत असणार. खड्ड्यातल्या साबुदाण्यात काळेनिळे कोंब पडलेले होते.

"ह्यो कंदील न्हवं?"

"व्हय."

"समदा गेला?"

"समदा."

त्यांनी खुरप्याच्या टोकाने एक कोंब उलटून पाहिला. मग म्हणाले, "माज्यामुळं?"

बाई असत्या तर काहीतरी सांभाळून बोलल्या असत्या. मी म्हणाले, "व्हय आबा, तुमच्यामुळं. झेंडूतनं कीड गेली." त्या उत्तराची मला आजही लाज वाटत नाही. खोटं सांगितलं असतं तरी त्यांना कळलं असतं, आणि मग आमच्यात खरं बोलायची जागाच उरली नसती. पण त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि माझ्या हातातली बादली घेऊन उरलेलं स्वतः ओतलं.

त्यानंतर आबा कंदील शोधायला लागले. पावसाळ्याच्या शेवटी, फुलांच्या दिवसांत, भल्या सकाळी भाकरी बांधून निघायचे आणि कधी नागफणीच्या अंगाला, कधी पार राजमाचीच्या बाजूला जाऊन यायचे. परत यायचे ते गुडघे खरचटलेले, आणि ओल्या फडक्यात एखादा वेल. तो दाराबाहेर पायरीवर ठेवून हाक मारायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. बाई बाहेर येऊन प्रत्येक वेल भिंगाखाली धरत. दुरून दिसतं की हा नाही, तरी धरत, पूर्ण पाहत आणि मग सांगत, "नाही किसनराव, हा तो नाही." कधी खोटी आशा लावली नाही, कधी आता पुरे असंही म्हटलं नाही. आई चिडायची. या वयात कड्यावरून पडाल, म्हणायची. आबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी तिला न सांगता जायचे. एकदा बाईंनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, पेटी कशी चालते ते दाखवते म्हणाल्या. आबा म्हणाले, "नगं बाई. म्या बाहीरच बरा."

बाईंनी मला बाहेरून परीक्षा द्यायला लावल्या आणि पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत चिकटवून दिलं. मी वसतिगृहात एका खोलीत राहू लागले, आणि तिथेही रस्त्याकडची खिडकी होती नि बोलायला कोणी नव्हतं, पण आता त्याची सवय होती. दोन-तीन वर्षांत बाई गेल्या. मालकांनी बंगला विकला, आई-आबा कुरवंड्याला चुलत्यांच्या शेजारी राहायला गेले. आबा कड्यावर जायचे थांबले नव्हते, पण आणलेलं दाखवायला आता कोणी नव्हतं.

एका ऑक्टोबरात दुपारी संस्थेच्या फाटकावरून निरोप आला, की तुमच्या गावचे कोणी आले आहेत. आबा होते. लोणावळ्याहून एकटे गाडीने आणि पुढे विचारत विचारत आलेले. पहारेकऱ्याने त्यांना बाकावर बसवलं होतं. मांडीवर पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या मातीसकट एक वेल. वेलाला फूल होतं. मी दहा पावलांवरून पाहिलं. नेहमीचा, घाटात कुठेही मिळणारा. तरी मी भिंग मागवून घेतलं, फूल धरून आतून-बाहेरून सगळं पाहिलं. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"न्हाई ना?"

"न्हाई आबा."

"मलाबी वाटत हुतं. पान लय सारखं हाय म्हून आनला." पिशवी त्यांनी पुन्हा नीट गुंडाळली. मी त्यांना कॅन्टीनमध्ये नेलं. त्यांनी दोन चहा घेतले, खाल्लं मात्र काही नाही. मग म्हणाले, की इतकं लांब आलो आहे तर तू कुठं काम करतेस ते बघून जातो.

आमच्या खोलीला एका बाजूने आरपार काच होती, पाहुण्यांना दाखवायला. मी म्हटलं, आत चला, पांढरा कोट देते, डोक्याला टोपी देते, सगळे येतात. त्यांनी मान हलवली. चपला त्यांनी जिन्याखालीच काढून ठेवल्या होत्या. "तू जा. म्या हितूनच बगतो."

मी आत गेले, हात धुतले, तोंडाला मास्क बांधला आणि पेटीसमोर बसले. त्या दिवशी काही तातडीचं नव्हतं, पण मी कपाटातून बाटल्या काढल्या आणि एकेक कोंब उचलून नव्या बाटलीत लावायला लागले. मान वळवली तर काचेपलीकडे आबा उभे होते. काचेपासून दोन हात लांब, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. चार मुलं बोलत बोलत त्यांच्या शेजारून गेली, तर ते अंग चोरून आणखी मागे सरकले आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहिले. आत या, अशी मी हाताने खूण केली. त्यांना वाटलं मी काम दाखवते आहे. त्यांनी मान डोलावली. मला ओरडून सांगायचं होतं, की आबा, आता इथे तुमच्या हातानं काही नासणार नाही. पण तोंडाला मास्क होता, बाटल्या उघड्या होत्या आणि मध्ये काच होती. मी पुढची बाटली घेतली. सगळ्या बाटल्या लावून होईपर्यंत ते तसेच उभे होते, हात पाठीमागे.